काचबिंदू पिकत नसतो

'मोती पिकू दे, मग ऑपरेशन करू.' बोईसरच्या गल्लीगल्लीत ऐकू येणारे हे वाक्य आमच्या घरातही दोन वर्षे चालले. तारापूर एमआयडीसीत तीन पाळ्यांत राबलेल्या अब्बांना पंधरा वर्षांपासून शुगर आणि बीपी आहे. चालताना कधी उंबरा लागायचा, कधी स्टूल. 'अब्बा, नीट बघून चाला ना!' आम्ही वैतागून म्हणायचो. समोरचे त्यांना स्वच्छ दिसायचे. कडेचे दिसतच नव्हते. तो मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू होता.

मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग धुरकट होते, ते बदलता येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र उपचाराने राखता येते.

मग शुगरचा यात काय संबंध? डोळ्यात सतत पाणी तयार होते आणि बारीक जाळीतून निघून जाते. निचरा अडला की दाब वाढतो आणि नस दबते. मधुमेहींमध्ये काचबिंदू जास्त आढळतो. शुगर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली तर पडद्याला रक्त कमी पडते. मग बुबुळावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवून ती जाळीच बुजवू शकतात. बीपीचेही तसेच. तो वाढलेला वाईट आणि रात्री फार उतरलेलाही वाईट. म्हणून गोळ्या आपल्या मनाने कमी-जास्त करू नयेत.

डोळ्याचा दाब साधारण 10 ते 21 असावा; पण तेवढा असूनही काचबिंदू होऊ शकतो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे तपासणी नव्हे. नेत्रतज्ज्ञांकडून दाब, नस आणि कडेची नजर तिन्ही पाहून घ्यावे. शुगर असेल तर दरवर्षी. आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर त्रास नसला तरीही. आम्ही सगळी भावंडे चाळिशीपुढची. आम्हीही तपासून आलो. डोळे लाल झाले म्हणून मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नयेत, त्यानेही दाब वाढतो.

रमजानमध्ये अब्बांनी थेंब बंद करायचे ठरवले होते. डोळ्यात थेंब घातल्याने रोजा तुटत नाही, असेच हनफी आणि शाफई उलेमा सांगतात. तरीही मन मानत नसेल, तर डॉक्टरांना विचारून इफ्तारनंतरची आणि सहरीची वेळ ठरवून घ्यावी. पण एकही दिवस चुकवू नये.

अब्बांचे थेंब आता आमची धाकटी सांभाळते. 'नीट बघून चाला' असे मात्र घरात कोणी म्हणत नाही; उंबऱ्याशी त्यांचा हात धरतो.