रताळं, कपाशी आणि मेंटेनन्स

शनिवारी रात्री सिनेमा बघितला. परग्रहावरचा परजीवी माणसात शिरतो आणि त्याची जनुकंच बदलून टाकतो वगैरे. सिनेमा यथातथाच, पण असा प्राणी खरंच आहे हो! तोही आपल्या मातीत.

नाव अ‍ॅग्रोबॅक्टेरियम. झाडाला जखम झाली की हा जिवाणू आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. मग पेशी त्याचं ऐकते, गाठ वाढवते आणि ह्याच्यासाठी खास खाऊ बनवते. एसक्यूएल इंजेक्शन दुसरं काय! उपवासाच्या रताळ्यातही त्याचे तुकडे हजारो वर्षांपासून आहेत, हे 2015 साली कळलं. खुशाल खा.

शास्त्रज्ञांनी गाठीचा कोड उडवला आणि ह्यालाच कुरिअर बनवलं. बोंडअळी मारणारं जनुक कपाशीत असंच पोचलं. 2002 साली भारतात बीटीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत आमच्या लोहाऱ्याकडे दुसरी कपाशी दिसेनाशी झाली.

'जनुकांत ढवळाढवळ' म्हणून ओरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. माझा प्रश्न साधा आहे: रिलीज केलंत, मेंटेनन्सचं काय? अळीही बदलणार हे आधीच ठाऊक होतं. म्हणून तर 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम साधं बियाणं यायचं. ते कडेनं लावायचं. त्यावर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो.

काकांनी ते पाकीट कधीच पेरलं नाही. "अळ्या पोसाले वावर देऊ का मी?"

आता ह्यात काकांचं काय चुकलं? नुकसान एकट्याचं, फायदा अख्ख्या तालुक्याचा... कर्ज काढून पेरणारा माणूस हे का करेल? भरपाई कुणी देऊ केली नव्हती.

2006 मध्ये दोन जनुकांची आवृत्ती आली. गुलाबी बोंडअळीनं तीही पचवली. 2017 च्या हंगामात बोंडं आतून पोखरली गेली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. (फवारणी फक्त ह्या अळीसाठी नव्हती, रसशोषक किडीही होत्या. पण फवारे कमी होतील म्हणूनच तर बीटी आणलं होतं ना?)

अलीकडे साधं बियाणं बीटीच्याच पाकिटात मिसळून द्यायला सुरुवात झालीय. म्हणजे फेकायची सोयच नाही. काकांना फोनवर सांगितलं.

"मंग हे पह्यलेच नोतं करता येत?"