मांगा इथं, मूर्ती जपून

बंगळुरूच्या जे. पी. नगरातून मांगा म्हणजे जपानी चित्रकथांतल्या लुफी किंवा गोकूच्या शोधात निघालेल्या पोरांनी पुस्तकं आणि मूर्ती ही दोन वेगळी खाती धरावीत. मांगासाठी जयप्रकाशनगर स्थानकातून हिरवी मेट्रो, मॅजेस्टिकला बदलून जांभळी, एम. जी. रोडला उतरून चर्च स्ट्रीट. तिथल्या ब्लॉसम आणि बुकवर्ममध्ये जुनी-नवी पुस्तकं शेजारी नांदतात. तिसरा खंड स्वस्तात सापडतो आणि पहिला हुलकावणी देतो, एवढी सोशिकता हवीच. मूर्तींचं प्रकरण खिशाला जड. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचं (बीआयएस) प्रमाणपत्र सक्तीचं. मग जेमतेम १० सेंटिमीटरच्या नेंडोरॉइड मूर्तीची किंमत ऐकून आईबाबा ‘प्लास्टिकच ना ते?’ म्हणतात (चुकीचं नाही, पण म्हणू नये) आणि नकली मालाचं फावतं. पाचशे रुपयांत कुणी बान्प्रेस्टो कंपनीचा नवाकोरा गोकू देत असेल, तर तो बान्प्रेस्टोचा नाही. डोळ्यांची रेघ फिस्कटलेली आहे का, सांध्यांवर रंग ओघळलाय का, खोक्यावर निर्मात्याचं नाव आहे का, हे हातात घेऊन पाहावं. म्हणूनच मी ऑनलाइनपेक्षा कॉमिक कॉन हा चित्रकथांचा मेळा सुचवेन. अलीकडे तो व्हाइटफील्डला भरतो, म्हणजे जे. पी. नगरकरांना शहराचं दुसरं टोक, पण एकाच छताखाली अनेक विक्रेत्यांचे भाव ताडून पाहता येतात. शेवटच्या दिवशी दुपारनंतर घासाघीस करून बघा. आणि खोकं फेकू नका. पुढे मूर्ती विकायची झाली, तर गिऱ्हाईक आधी तेच मागतं.