‘पित्त झालंय’ म्हणण्यापूर्वी

आमच्या घरात पोटाच्या प्रत्येक तक्रारीला एकच नाव होते, पित्त. मळमळले, पित्त. डोके दुखले, पित्त. लग्नाचे जेवण जेवून आल्यावर आक्काच्या उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तेव्हाही आईने आमसुलाचे सार केले आणि मी दुकानातून अ‍ॅसिडिटीची गोळी आणून दिली. दोन वर्षे हेच चालले. मी मराठी शिकवतो, पण हा एक शब्द आम्हाला किती महागात पडणार आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही.

घशाशी येते ते आंबट पाणी म्हणजे जठरातले आम्ल. खरे पित्त यकृतात तयार होते. ते कडू आणि हिरवट-पिवळे असते. सुमारे दीड किलो वजनाचे हे यकृत रोज पाऊण ते एक लिटर पित्तरस तयार करते. तेलकट ताट नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो. आतड्यात तुपातेलाच्या बाबतीत पित्त तेच काम करते. यकृताखालच्या छोट्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, ते घट्ट करून साठवले जाते. तुपकट जेवण झाले की ही पिशवी आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. पिशवीत खडा असेल तर नेमक्या त्याच वेळी तो तोंडाशी अडकतो. आक्काचे दुखणे पंगतीनंतरच का यायचे, याचे उत्तर इथे होते.

जठरामागे असते स्वादुपिंड. त्याचा रस पिठूळ पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पचवतो, जठरातून आलेल्या आम्लाची धार कमी करतो. रक्तातली साखर सांभाळणारे इन्सुलिनही इथलेच. पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी बहुतेकांत लहान आतड्यात एकाच दाराने उघडते. त्या दारात खडा अडकला की दोन्हीकडे तुंबते.

आक्काचे तेच झाले. डोळे पिवळे दिसले, तर आम्ही काविळीचे गावठी औषध आणण्यात दोन दिवस घालवले. तिसऱ्या रात्री कळ पाठीत गेली, उलट्या थांबेनात. सोनोग्राफीत खडे दिसले, स्वादुपिंडाला सूज आली होती. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. आधी नळीतला खडा काढला, पुढे ऑपरेशन करून पिशवीही काढली. आता पित्त यकृतातून सरळ आतड्यात उतरते, जेवण पचते. आक्का हसून म्हणते, “माझं पित्त पिशवीसकट गेलं.” मला मात्र ती दोन वर्षे आठवतात. एका सोनोग्राफीत तेव्हाच कळले असते.

प्रत्येक खड्याला ऑपरेशन लागते असे नाही. त्रास न देणारे खडे पुष्कळांच्या पोटात असतात. ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. पण जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन तास-दोन तास राहत असेल, उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत जात असेल, तर गोळीवर भागवू नका, तपासून घ्या. आणि डोळे पिवळे, लघवी गडद किंवा थंडीताप दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरात कुणी ‘पित्त झालंय’ म्हणाले, तर आधी एवढे विचारा, “नेमकं कुठं दुखतंय?”