कायदा वर्गात पोचावा

'कायद्याचे अज्ञान हा बचाव नव्हे' असे तत्त्व आपण मानतो. पण ते अज्ञान दूर कोणी करावयाचे, या प्रश्नाला मात्र बगल दिली जाते. १९७२ साली वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठाचे विधी विद्यार्थी तेथील माध्यमिक शाळांत व्यवहारोपयोगी कायदा शिकवू लागले. आपल्याकडेही १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कायदेविषयक साक्षरतेचा प्रसार आणि विधी महाविद्यालयांतील सहायता केंद्रे ही दोन्ही कामे केंद्रीय प्राधिकरणावर सोपविली आहेत.

परंतु शिकवावयाचे काय? नुसती कलमे पाठ करून कोणाचे हित साधणार? नववीतील मुलीचे लग्न ठरत असेल, तर १८ वर्षांची अट ठाऊक असणे पुरेसे नाही. १०९८ वर दूरध्वनी करता येतो आणि २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार न्यायालय लग्नापूर्वीच मनाई हुकूम देऊ शकते, हे तिला व तिच्या मैत्रिणींना माहीत हवे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर माहितीलाही किंमत पडते. आणि ती गरिबालाच सर्वांत जड जाते.

म्हणून एखादे शिबिर, हारतुरे व छायाचित्र एवढ्यावर हा उपक्रम आटोपू नये. विधी विद्यार्थ्याला त्याबद्दल परीक्षेत गुण मिळावेत आणि शाळेने आठवड्याची एक तासिका राखून ठेवावी. कायदा ज्याच्यापर्यंत पोचलाच नाही, त्याच्यापुरता तो अद्याप झालेलाच नसतो.