काचेतला समुद्रघोडा आणि व्यापाऱ्याची जबान

आमचा धंदा कापडाचा. मासे हा आमचा विषय नव्हे. तरीही चार ओळी लिहीत आहोत, कारण शिराळ्यासारख्या गावातही गल्ल्याजवळ काचेची टाकी ठेवण्याची हौस आली आहे, आणि आपले काही तरुण शोभेच्या माशांचा जोडधंदा करू पाहतात. आमच्या हातून जी चूक झाली, ती त्यांच्या हातून होऊ नये.

काही वर्षांपूर्वी भाच्याच्या आग्रहाने आम्ही दुकानात टाकी मांडली. बाहेरगावच्या एका विक्रेत्याने पॉलिथिनच्या पिशवीतून समुद्रघोड्यांची जोडी आणून दिली. "पाण्यात मीठ टाका, दिवसातून एकदा चिमूटभर दाणा घाला, वर्षानुवर्षे टिकतात," असे तो म्हणाला. पावती मागितली तर नुसता हसला. लग्नसराईचे दिवस होते. साडी घ्यायला आलेल्या बायकांची पोरे टाकीपुढून हलेनात. आम्हीही खूश झालो. अकराव्या दिवशी एक मेला, पुढच्या आठवड्यात दुसरा.

मग आम्ही जाणकारांना विचारले. कळले ते असे. समुद्रघोड्याला दात नाहीत आणि जठरही नाही. नळीसारख्या तोंडाने तो भक्ष्य ओढून घेतो आणि खाल्लेले लवकर बाहेर पडते. म्हणून मोठ्यालाही दिवसातून दोन-तीन वेळा बारीक कोळंबीसारखे खाद्य लागते. समुद्रातून पकडलेला समुद्रघोडा बहुधा जिवंत, हलते भक्ष्यच ओळखतो. कोरड्या दाण्याकडे तो बघत नाही. म्हणजे आमची जोडी आमच्या डोळ्यांदेखत उपाशी मेली.

पाण्याची गोष्टही तशीच. स्वयंपाकाच्या मिठाने समुद्र होत नाही. त्यासाठी खास क्षारमिश्रण लागते आणि खारेपणा मोजावा लागतो. नवी टाकी जनावर न सोडता चार-सहा आठवडे चालवावी लागते, तेव्हा कुठे घाण पचवणारे जिवाणू तयार होतात आणि विषारी अमोनिया शून्यावर येतो. समुद्रघोडा पोहण्यात दुबळा, त्यामुळे प्रवाह मंद हवा आणि शेपटी गुंडाळून धरायला आधार हवा. टाकी रुंद असण्यापेक्षा उंच हवी, निदान दीड फूट. चपळ मासे, खेकडे आणि डंख करणारी समुद्रफुले शेजारी नकोत. उष्ण समुद्रातल्या जातींनाही टाकीत 22 ते 24 अंश तापमान मानवते, कारण ऊन पाण्यात रोगजंतू वाढतात. आता शिराळ्याचा मे महिना आठवा आणि त्यात वीज गेलेली दुपार आठवा!

याहून मोठी गोष्ट कायद्याची. 2001 साली केंद्र सरकारने समुद्रघोड्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणले. आपल्या समुद्रातून ते पकडणे वा विकणे गुन्हा आहे. 2004 पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही परवान्याचे बंधन आले, कारण चिनी औषधांसाठी वाळवलेल्या समुद्रघोड्यांना मोठी मागणी असते. कायदा ठाऊक नव्हता, ही सबब कोर्टात चालत नाही, आणि आमच्या मनालाही ती पटली नाही. विक्रेता हसला तेव्हाच आम्ही समजायला हवे होते.

शिराळकरांना तर हे वेगळे सांगायला नको. आमचे गाव नागपंचमीसाठी प्रसिद्ध. जिवंत नाग पकडण्याच्या प्रथेवर 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल झाला आणि बंदी आली. पुढे 2025 साली केंद्राने शैक्षणिक हेतूने मोजक्या नागांना परवानगी दिली, तीही अटी घालून. जिथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रद्धेलाही परवानगी मागावी लागली, तिथे दुकानाच्या शोभेची काय कथा?

समुद्रघोडा माणसाच्या हाताखाली जगतच नाही, असे मात्र नव्हे. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पिवळ्या समुद्रघोड्यावर अभ्यास केला आहे. परदेशात पैदास केंद्रात वाढलेले, गोठवलेली कोळंबी खायला शिकलेले समुद्रघोडे कायदेशीर मिळतात. आखातात किंवा विलायतेत असलेल्या आपल्या कोणा नातेवाइकाला हौस असेल, तर तिथला कायदा पाहून त्याने तसलेच घ्यावेत आणि वर सांगितलेली काळजी आधी हिशेबात धरावी. इथल्या तरुणांनी मात्र गप्पी, मॉली, गोल्डफिश यांवर धंदा करावा. माल रोज खपतो आणि झोपही नीट लागते.

कापडाच्या धंद्यात कच्च्या रंगाला पक्का रंग म्हणून विकणारा एकदाच कमावतो. धुण्यात रंग गेला की गिऱ्हाईक परत दुकानाची पायरी चढत नाही. कापडाचा तोटा निदान पैशात भरून देता येतो. जिवाचा तोटा कसा भरणार? म्हणून जिवंत माल घेताना व्यापारी बंधूंनी दोनच प्रश्न विचारावेत: हा कुठून आला, आणि याचा कागद कुठे आहे? उत्तराऐवजी हसू मिळाले, तर पिशवी तिथेच परत करावी. आमची टाकी आजही गल्ल्याजवळ आहे. तिच्यात गप्पी आहेत. पोरे अजूनही थांबतात.