पक्षी वाटले, खुराड्याचे काय?

परसातील कोंबडीपालनाकडे सरकार गेली अनेक वर्षे ग्रामीण कुटुंबाच्या पूरक उत्पन्नाचे साधन म्हणून पाहत आले आहे. वनराजा, गिरिराज या सुधारित जातींचा प्रसार त्यासाठीच झाला. चर्चा मात्र जात, खाद्य आणि लसीकरण यांभोवतीच फिरत राहिली. रात्री हे पक्षी ठेवायचे कोठे, हा प्रश्न दुय्यमच ठरला.

वास्तविक सुधारित पक्ष्यांना निवाऱ्याची गरज अधिक आहे. गावरान कोंबडी संकट दिसताच झाडावर उडून बसते. वजनदार गिरिराजला ते साधत नाही. मुंगूस किंवा रानमांजर आत शिरले, तर एका रात्रीत सारे खुराडे रिकामे होऊ शकते. या प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने त्यांना मारणे हा गुन्हा आहे (आणि उंदीर-घुशींचा बंदोबस्त तेच करतात, हेही विसरून चालणार नाही). तेव्हा उपाय उरतो तो खुराड्याचाच.

येथेच बहुतेकांची फसगत होते. बाजारात स्वस्त मिळणारी षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते. बाहेरच्या कुत्र्याला थोपवत नाही. तो ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी महाग पडते, पण मुंगसाचे पिल्लूही तीतून शिरत नाही. जमीन उकरून येणाऱ्यांसाठी हीच जाळी भिंतीलगत फूटभर खोल पुरावी लागते. दाराची साधी कडी धक्क्याने निघते. तिला खिळ किंवा कुलूप हवे. हवा खेळण्यासाठी वर ठेवलेली फटही जाळीनेच झाकावी लागते. पत्र्याची पेटी करून मोकळे होणाऱ्यांचे पक्षी उन्हाळ्यात उकाड्यानेच दगावतात.

बंदिस्त खुराड्याला आणखी एक संदर्भ आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. २०२१ मध्ये परभणीतील मुरुंबा गावी त्याने पुन्हा डोके वर काढले. लागण आढळली की परिसरातील निरोगी कोंबड्याही नष्ट कराव्या लागतात. वरून छप्पर असेल, तर वन्य पक्ष्यांची विष्ठा खाद्य-पाण्यात पडण्याचा धोका निदान कमी होतो.

राष्ट्रीय पशुधन अभियानाने २०२१ पासून किमान एक हजार पक्ष्यांच्या उद्योजकाला ५० टक्के, कमाल २५ लाख रुपये अनुदान देऊ केले. दहा कोंबड्या पाळणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा आहे. चांगल्या जाळीची किंमत तिच्या सगळ्या पक्ष्यांच्या किमतीएवढी होते, आणि म्हणूनच ती डालग्यावर दगड ठेवून झोपते.