पाना चालवा, ग्राइंडर आवरा

हातात कात्री आली की आपण शिंपी झालो, असं समजणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. हल्ली कात्रीच्या जागी ग्राइंडर आला आहे, एवढाच काय तो फरक. ग्राइंडर भाड्यानं मिळतो, विजेवर चालतो आणि ठिणग्या उडवतो. ठिणग्या उडाल्या की बघे जमतात, आणि बघे जमले की कापणाऱ्याला वाटायला लागतं, आपण काहीतरी घडवतो आहोत. वास्तविक तो मोडत असतो. ज्या मोटारसायकलीनं तीस-पस्तीस वर्षं एका अख्ख्या कुटुंबाचं ओझं मुकाट्यानं वाहिलं, तिचं बूड उडवून तिला 'बॉबर' करण्याची साथ सध्या गल्लोगल्ली पसरली आहे. तिच्यावर लस निघेपर्यंत हा लेख टोचून घ्यावा, ही विनंती.

बॉबर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी बॉबकट आठवावा. केस मानेपाशी छाटले की बॉबकट, मडगार्ड चाकापाशी छाटलं की बॉबर. घराणं एकच. अमेरिकेत ही छाटणी तिसाच्या दशकापासून चालू होती, पण तिला खरा जोर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. लढाईसाठी हार्ले-डेव्हिडसननं डब्ल्यूएलए नावाची ७४० सीसीची, अडीचशे किलोच्या आसपास वजनाची फटफटी हजारोंनी बनवली होती. लढाई संपली, आणि लष्करानं उरलेल्या गाड्या स्वस्तात काढल्या. घरी परतलेल्या पोरांच्या अंगात रग होती, पण खिसा बेताचा होता. इंजिन मोठं करायला पैसे लागतात, वजन कमी करायला लागत नाहीत. हा हिशेब कॉमर्सच्या पहिल्या वर्षालाही कळतो. तेव्हा त्यांनी पुढचं मडगार्ड काढलं, मागचं आखूड केलं आणि जे जे गाडी पळवत नाही ते ते उतरवून ठेवलं.

एका गोष्टीला मात्र त्यांनी सहसा हात लावला नाही, ती म्हणजे फ्रेम. फ्रेम कापून, वाकवून, पुढचा फोर्क हातभर लांबवणारी मंडळी नंतर आली, आणि त्यांच्या गाडीला चॉपर म्हणतात. तेव्हा आमच्या गल्लीत जे 'बजेट बॉबर' म्हणून फ्रेमला ग्राइंडर लावतात, ते मुळात बॉबर करतच नाहीत. सत्यनारायणाच्या पूजेला बसून मंगलाष्टकं म्हणण्यासारखा हा प्रकार आहे. हेतू शुभ, पण कार्य वेगळं.

आता माझा ह्यात संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध भाच्याचा. आमच्या दाजींची १९९० सालची येझदी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावानं १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी ह्या नावानं गाड्या काढल्या आणि १९९६ साली कारखान्याला कुलूप लागलं. म्हणजे आता ही गाडी नव्यानं होणे नाही. जी काही शिल्लक आहे ती शिल्लक. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ह्या खात्यात भरणा बंद झालेला आहे, फक्त काढणं चालू आहे. भाचा एका रविवारी गॅरेजवाल्याचं कोटेशन घेऊन आला. मागची फ्रेम कापणे, शॉकअॅब्सॉर्बर काढून तिथं सरळ नळी वेल्ड करणे, एकट्याची स्प्रिंगची सीट, जाड टायर, काळा रंग आणि सायलेन्सरला प्लॅस्टर घातल्यासारखी गुंडाळायची पट्टी. एकूण अठ्ठावीस हजार.

"मामा, बजेटमध्ये बसतंय," भाचा म्हणाला.

"ब्रेकलायनर कुठं आहेत ह्यात?"

"ते नंतर बघू. आधी लूक."

स्वयंपाकघरातून ताई बाहेर आली. तिनं कागद पाहिला, चित्र पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "मी कुठं बसायचं रे?"

भाचा गप्प झाला. कारण ज्या सीटवर ग्राइंडर चालणार होता, त्याच सीटवर ताईच्या मांडीत बसून हा बॉबरवीर प्रसूतिगृहातून घरी आला होता.

हसण्यावारी नेऊ नका. माझं सगळं भांडण ह्या प्रश्नाशी आहे. आपल्याकडे मोटारसायकल हे एकट्याचं वाहन कधीच नव्हतं. टाकीवर धाकटं, मध्ये थोरलं, मागे मंडळी आणि मंडळींच्या हातात चक्कीवरचा डबा, एवढा संसार तिनं ओढला. म्हणून तर आपल्या कायद्यातसुद्धा साडी शिरलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की, मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. बॉबर करणारा पहिल्या झटक्यात नेमक्या ह्याच तीन गोष्टी उडवतो. आणि मग संध्याकाळी त्याच उघड्या चाकावर, रिकाम्या मडगार्डवर रुमाल टाकून, मैत्रिणीला ओढणीसकट बसवून फिरतो. त्याचा लूक होतो, पण ओढणीला लूक कळत नाही.

पुन्हा ते शॉकअॅब्सॉर्बर काढणं! त्या अमेरिकन पोरांच्या गाडीला मागे शॉकअॅब्सॉर्बर नव्हते, कारण कंपनीनं दिलेच नव्हते. हार्लेच्या मोठ्या गाड्यांना ते १९५८ साली मिळाले. म्हणजे त्या बिचाऱ्यांनी जे धक्के नाइलाजानं खाल्ले, ते आपण वेल्डिंगचे पैसे मोजून विकत घेणार, आणि तेही आपल्या रस्त्यांवर! पावसाचंही तेच. कॅलिफोर्नियात उन्हाळाभर थेंब पडत नाही. तिथं मडगार्ड छाटणं शोभतं. आपल्याकडे जुलैत छाटक्या मडगार्डची गाडी काढली, तर माणूस ऑफिसात पोचेपर्यंत त्याच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा उभा पट्टा उमटलेला असतो. मागून पाहिलं तर वाटावं, खारीवर कृपा करून उरलेली बोटं देवानं ह्याच्या पाठीवर पुसली.

कायद्याचं तर विचारूच नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमानं कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलात मनमानी बदल करायला बंदी आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. त्याच वर्षी कायदा सुधारला आणि परवानगी नसलेल्या बदलाला दंड लागला तो दर बदलामागे पाच हजार रुपये, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द क्लार्क माणसानं नीट वाचावेत. मोजणाऱ्यानं मोजायचंच ठरवलं तर फ्रेम, शॉकअॅब्सॉर्बर, सीट, मडगार्ड आणि सायलेन्सर मिळून पंचवीस हजार. अठ्ठावीस हजारांचं काम, त्यावर पंचवीस हजारांचं व्याज. एवढा दर तर आमची बँकसुद्धा लावत नाही!

ह्यावर दुसऱ्या टोकाचे लोक लगेच म्हणतील, मग गाडीला हातच लावू नका, मूळ रंगाचा टवकासुद्धा जपा. त्यांचंही मला पटत नाही. तरण्या पोरानं बापाची गाडी आपली करून घ्यावी, हात काळे करावेत, नखात ग्रीस जावं. ह्यापेक्षा चांगलं शिक्षण दहा हजारांच्या क्लासमध्ये मिळत नाही. माझं म्हणणं एवढंच, की जे करायचं ते पान्यानं करा.

बँकेत आम्हांला पहिल्या आठवड्यात शिकवतात की, अशी कुठलीही नोंद करू नकोस जिची उलट नोंद करता येणार नाही. बॉबरचं शास्त्र ह्याच वाक्यात आहे. नट सोडवून जे निघतं ते काढा. क्रॅशगार्ड काढा, कॅरिअर काढा, फळीसारखी लांब सीट उतरवून जुन्याच छिद्रांत बसणारी आखूड सीट लावा, पण लांब सीट माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवा. मडगार्ड कापायची फारच हौस असेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी नाहीतर बुधवारी जा, एखादं गंजकं मडगार्ड घासाघीस करून आणा आणि ते कापा, साडीगार्डला धक्का न लावता. मूळचं तेल पुसून ठेवून द्या. रंग द्यायचा तर खुशाल द्या, पण आर. टी. ओ.त नोंद करून. आणि हे सगळं करण्याआधी पहिला पैसा ब्रेकलायनर, टायर, केबल आणि वायरिंगवर घाला. कारण न पळणारी जुनी गाडी फार तर रस्त्यात उभी राहते. न थांबणारी जुनी गाडी मात्र थेट हॉस्पिटलात उभी राहते.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. खुद्द रॉयल एनफिल्डनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'गोअन क्लासिक' नावाची ३५० सीसीची बॉबर काढली. तिला मागची सीट आहे, आणि ती काढता-घालता येते. करोडोंचा कारखाना, हवे तितके ग्राइंडर दिमतीला, पण मागच्या माणसाची जागा त्यांनी कापली नाही, नटबोल्टवर ठेवली. दोन लाखांच्या वरच्या गाडीला जी अक्कल परवडते, ती अठ्ठावीस हजारांत का परवडू नये?

काटकसर म्हणजे कमी खर्च करणं नव्हे. उद्या गरज पडली तर परत आणता येईल असंच आज काढून ठेवणं, ही काटकसर. बाकी सगळी उधळपट्टी, मग ती कितीही स्वस्तात पडलेली असो. पाना घट्ट बसलेलं सोडवतो आणि सोडवलेलं पुन्हा घट्टही करतो. ग्राइंडरला फक्त पहिलं अर्धं काम येतं, आणि तेही फार आवाज करून.